फलकावर नसलेली मुले : भिलाईत माध्यमिक शाळा पाहायला जाताना

भिलाई हे शाळानिवडीचा प्रश्न फारसा न पडता वाढलेल्या पिढ्यांचे शहर आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी, म्हणजे खनिजातून वितळलेले लोखंड काढणारी आणि कारखान्यात सगळे जिला ‘ब्लास्ट फर्नेस’च म्हणतात ती भट्टी, सुरू झाली, तोवर ते राज्य पुनर्रचनेत बदलले होते, मात्र मुंबई-हावडा लोहमार्गाने गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकीत भिलाईत उतरणाऱ्या विदर्भातल्या मराठी कुटुंबांचा ओघ त्यानंतरही चालू राहिला. कारखान्याने वसवलेली टाउनशिप सेक्टरांत विभागलेली होती. घर, बाजार, मैदान आणि शाळा ही एकाच आखणीची अंगे असल्यामुळे क्वार्टर कोणत्या सेक्टरात मिळाले यावरच मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुधा ठरून जाई.

शिक्षणशास्त्रात या व्यवस्थेला ‘परिसर शाळा’ म्हणतात. एका वस्तीतली सगळी मुले, त्यांच्या आईवडिलांचा हुद्दा किंवा पगार काहीही असो, त्याच वस्तीतल्या शाळेत शिकतील, अशी ती कल्पना आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तिची शिफारस केली होती आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागातले मराठी शिक्षणतज्ज्ञ होते. देशभर ती शिफारस कागदावरच राहिली, पण कारखान्यांच्या वसाहतींत, कोणी घोषणा न करता, तिचे एक अपुरे रूप प्रत्यक्षात आले. ते अपुरे होते, कारण हिंदी आणि इंग्रजी माध्यमांमधली दरी तिथेही होतीच. तरीही एकाच कारखान्यात वेगवेगळ्या हुद्द्यांवर राबणाऱ्यांची मुले एकाच मैदानावर खेळत होती, ही गोष्ट थोडी नव्हे.

कारखान्यातील कामगारांची संख्या घटत गेली तशा कारखान्याच्या शाळाही कमी झाल्या, काही बंद पडल्या, काही एकमेकींत मिसळल्या. दरम्यान नेहरूनगर, स्मृतीनगर, जुनवानी, कोहका, रिसाली या बाजूंना शहर पसरले आणि त्याबरोबर खासगी शाळाही वाढल्या. शासकीय शाळांच्या बाजूने २०२० पासून, भिलाई आता ज्या राज्यात आहे त्या छत्तीसगढच्या सरकारने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या, त्यामुळे ज्या घरांना खासगी शुल्क झेपत नव्हते त्यांच्यासमोरही निवड उभी राहिली. पूर्वी जो निर्णय क्वार्टरचे वाटप करून टाकीत असे, तो आता आईवडिलांना घ्यावा लागतो, आणि शाळा कशी पाहावी हे मागच्या पिढीने शिकवावे म्हटले तर तिला तशी वेळच आलेली नव्हती.

निवडीच्या या पोकळीत पहिली शिरली ती जाहिरात. मे-जूनमध्ये निकाल लागले की ग्रेट ईस्टर्न रोडच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या जीई रोडच्या, दोन्ही अंगांना गुणवंतांची छायाचित्रे असलेले फलक लागतात आणि पालक शाळेत शिरण्याआधी त्या फलकावरूनच तिच्याविषयीचे मत बनवतो. फलकावरची मुले खरी असतात आणि त्यांचे गुणही खरे असतात. अडचण अशी की त्या वर्षी त्या शाळेत आणखी किती मुले होती आणि त्यांचे काय झाले, हे फलक सांगत नाही. ज्यांचे छायाचित्र लागलेले नाही अशा मुलांशी शाळा कशी वागते, हे पाहण्यासाठीच शाळेची भेट असते, कारण बहुतेक घरांतले मूल त्यांच्यापैकीच असणार आहे.

यातली मूळ अडचण संख्याशास्त्रात ‘निवडीचा परिणाम’ या नावाने ओळखली जाते. ज्या शाळेने आत घेतानाच हुशार मुले वेचली, तिचा निकाल चांगला लागला तर त्यातला किती वाटा शिकवण्याचा आणि किती वेचण्याचा, हे निकालाच्या टक्केवारीवरून कळू शकत नाही. माध्यमिक टप्प्यावर हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवी एवढ्याच इयत्तांना लागू आहे. त्या कायद्यातील कलम १३ प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेण्यास आणि देणगी मागण्यास मनाई करते, पण नववीच्या उंबरठ्यावर हे छत्र संपते. छत्तीसगढने २०१९ मध्ये या कायद्याखाली खासगी शाळांत २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांचे मोफत शिक्षण बारावीपर्यंत वाढवले, ही मोलाची तरतूद आहे. इतरांच्या बाबतीत मात्र नववी आणि अकरावी या दोन इयत्ता चाळणीसारख्या वापरल्या जाऊ शकतात : मंडळाच्या परीक्षेत निकाल खाली ओढतील असे वाटणारी मुले त्याआधीच्या वर्षी नापास होतात किंवा त्यांच्या पालकांना दाखला, ज्याला भिलाईत ‘टीसी’ म्हणतात, काढून घेण्याचे सुचवले जाते.

म्हणून प्राचार्यांना विचारायचा पहिला प्रश्न निकालाच्या टक्केवारीचा नसून मुलांच्या संख्येचा असावा. तीन वर्षांपूर्वी नववीत किती मुले होती, त्यांतली किती दोन वर्षांनी याच शाळेतून दहावीला बसली, दहावीनंतर किती याच शाळेत अकरावीला राहिली आणि जी गेली ती का गेली, एवढे विचारावे. साठ मुलांच्या तुकडीतली अठ्ठावन्न मुले दहावीपर्यंत टिकली आणि त्यांतली काही जेमतेम उत्तीर्ण झाली, अशी शाळा साठातल्या चाळीसच मुलांना परीक्षेला बसवून शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेपेक्षा कितीतरी चांगली समजावी. संख्या लगेच हाताशी नसणे हा दोष नाही, कारण अशी नोंद वेगळी काढून ठेवण्याची पद्धत नसते. पण प्रश्न विचारल्यावर प्राचार्य तो समजून घेतात की पुन्हा फलकाकडे बोट दाखवतात, यावरून पुष्कळ काही कळते.

भेटीला जाण्यापूर्वी घरी बसून वाचता येईल असे बरेच साहित्य असते आणि ते वाचल्याशिवाय गेलेला पालक केवळ इमारत पाहून परततो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, आपल्या संलग्न शाळांना संकेतस्थळावर काही माहिती उघड करणे सक्तीचे केले आहे. त्यात संलग्नता क्रमांक, इमारत सुरक्षित असल्याचे आणि अग्निशमन व्यवस्थेचे प्रमाणपत्र, शिक्षकांची संख्या, शुल्क आणि मंडळाच्या परीक्षांचे निकाल येतात. मंडळाच्या २०१८ च्या संलग्नता नियमांत एका तुकडीत सर्वसाधारणपणे ४० मुले आणि दर तुकडीमागे किमान दीड शिक्षक असे प्रमाण दिलेले आहे. दीड शिक्षक ही भाषा विचित्र वाटली तरी तिचा अर्थ सोपा आहे : वीस तुकड्या असतील तर तीस शिक्षक हवेत, म्हणजे एखादे शिक्षक रजेवर गेले तरी वर्ग उघडा पडत नाही आणि प्रत्येकाला वह्या तपासायला मोकळी तासिका मिळते. याच नियमांनी विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांसाठी समुपदेशक असणे अपेक्षित धरले आहे. राज्य मंडळाच्या शाळेत माहिती अशा रीतीने एके ठिकाणी मिळेलच असे नाही, पण प्रश्न तेच राहतात.

शिक्षकांच्या यादीत पाहायचे ते पदव्यांपेक्षा टिकाव. गणित आणि विज्ञानाचे शिक्षक याच शाळेत किती वर्षे आहेत, कायम नेमणुकीवर आहेत की दर सत्रात बदलणारे, आणि दहावीला शिकवणारे अनुभवी शिक्षक नववीच्या मागे पडलेल्या तुकडीलाही शिकवतात की नाही, हे विचारले पाहिजे. चांगले शिक्षक केवळ गुणवत्ता यादीच्या आशेने वेगळ्या काढलेल्या तुकडीला आणि नवखे शिक्षक उरलेल्यांना, अशी वाटणी ज्या शाळेत असते तिथे मुलाला नववीतच आपली जागा दाखवून दिली जाते. वेळापत्रक मागून घेऊन दोन तुकड्यांसमोरची शिक्षकांची नावे ताडून पाहिली की ही वाटणी लपत नाही.

शाळेमुळे मुलांमध्ये खरोखर फरक पडतो का, हा प्रश्न जुना आणि गंभीर आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाचा अर्थ अनेकांनी असा लावला की मुलाच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा एवढा मोठा असतो की शाळेच्या साधनसामग्रीने फारसे काही बदलत नाही. त्यानंतर मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या गरीब भागातल्या १२ माध्यमिक शाळांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९७९ मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. पुस्तकाच्या नावातले पंधरा हजार तास म्हणजे पाचव्या वर्षापासून शाळा सुटेपर्यंत मूल शाळेत घालवते तो काळ. मुले कोणत्या घरांतून आली हे हिशेबात धरल्यानंतरही शाळाशाळांमध्ये वर्तन, हजेरी आणि परीक्षेतील यश यांत मोठा फरक उरतो, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे हा फरक इमारतीच्या वयाशी किंवा आकाराशी जुळत नव्हता. शिक्षक वर्ग वेळेवर सुरू करतात का, गृहपाठ दिला आणि तपासला जातो का, मुलांचे कौतुक उघडपणे होते का, त्यांच्यावर जबाबदारीची कामे सोपवली जातात का, आवार नीटनेटके ठेवले जाते का आणि अडचण असलेल्या मुलाला शिक्षक भेटू शकतात का, अशा रोजच्या साध्या गोष्टींशी तो जुळत होता. त्या शाळांचा काळ आणि समाज वेगळा असला तरी ही निरीक्षणे सेक्टर ६ किंवा खुर्सीपारच्या शाळेतही तशीच तपासता येतात, आणि त्यांसाठी कोणत्याही अहवालाची गरज लागत नाही.

घंटा झाल्यावर व्हरांड्यात पाच मिनिटे उभे राहिले तरी पहिली गोष्ट कळते. शिक्षक वर्गात पोहोचायला किती वेळ लागतो, तोवर मुले काय करतात, गोंगाट थांबवण्यासाठी छडी आपटावी लागते की नुसते येणे पुरते, हे पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, पण त्याचा खरा मागोवा मुलांच्या चेहऱ्यांत लागतो : प्राचार्य वर्गात शिरताच मुले ताठरतात की उत्सुकतेने मान वर करतात. शाळेने पालकाला चालू वर्गाच्या दाराशी दोन मिनिटेही उभे राहू दिले नाही आणि सगळी भेट स्वागतकक्षात व ‘स्मार्ट क्लास’च्या पडद्यासमोर आटोपली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळ मागावी.

त्याहून अधिक बोलकी असते वही. कोणत्याही इयत्तेच्या तीन वह्या पाहायला मागाव्यात, आणि त्या शिक्षकाने निवडलेल्या नसून ढिगातून काढलेल्या असाव्यात. उत्तर चुकले आहे तिथे नुसती लाल फुली आहे की चूक कुठे झाली ते दाखवले आहे, त्या चुकीखाली मुलाने उत्तर पुन्हा सोडवलेले दिसते का, आणि निबंध सगळ्यांचा शब्दशः सारखा आहे का, हे पाहिल्यावर शिकवण्याविषयी फार विचारावे लागत नाही. २०२३ मध्ये ‘असर’ या पाहणीने देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांचे वाचन आणि गणित तपासले, तेव्हा जवळपास चौथा हिस्सा मुले आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचू शकत नव्हती आणि निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नव्हते. ही मुले नववी-दहावीत बसतात, वह्या उतरवून पूर्ण करतात आणि वरवर पाहता त्यांची अडचण कोणालाच दिसत नाही. अशा मुलांसाठी शाळा वेगळा तास ठेवते का, तो कोण घेते आणि तो तास शाळेच्या वेळात असतो की खेळाची तासिका कापून, हे विचारणे आपले मूल हुशार असलेल्या पालकाच्याही हिताचे आहे, कारण मागच्या बाकावरच्या मुलाची काळजी घेणारी शाळा पुढच्या बाकाकडे सहसा दुर्लक्ष करीत नाही.

प्रयोगशाळेत धूळ पाहावी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत सीबीएसईचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, त्यामुळे प्रयोगशाळा प्रत्येक शाळेत असतेच. प्रश्न एवढाच की नववीतली मुलेही तिथे येतात का. डाग पडलेली टेबले, वापरून झिजलेले ब्रश, पाण्याने फुगलेली प्रयोगवही ही चांगली लक्षणे आहेत. ग्रंथालयातही तसेच : कपाटाला कुलूप नसावे आणि पुस्तकांच्या शेवटच्या पानावर ताज्या तारखा असाव्यात.

भिलाईत शाळेतल्या अशा शिकण्याच्या आड येणारी गोष्ट म्हणजे शिकवणी. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेशी या शहराचे नाव फार पूर्वीपासून जोडलेले आहे, आणि शिकवणीवर्गांचे शहर म्हणून कोटा घरोघरी माहीत होण्याआधीपासून इथली मुले आपल्या शहरात राहून ती परीक्षा देत होती. २०१६ मध्ये आयआयटी भिलाई स्थापन झाली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी कुटेलाभाठा येथील तिच्या कायम संकुलाचे लोकार्पण झाल्याने ते आकर्षण आणखी वाढले. त्या परंपरेत अभिमानास्पद असे पुष्कळ आहे. पण तिच्या सावलीत ‘डमी शाळा’ नावाचा प्रकार वाढला, ज्यात मुलाचे नाव एका शाळेच्या पटावर असते आणि दिवस शिकवणीवर्गात जातो. सीबीएसईच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी आवश्यक असते, म्हणजे अशा व्यवस्थेत हजेरीपट खोटा लिहिला जातो आणि मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षी मोठ्या माणसांच्या संगनमताचा भाग बनते. मार्च २०२४ मध्ये मंडळाने अचानक तपासण्यांनंतर देशातील २० शाळांची संलग्नता काढून घेतली, त्यामागे खोटे विद्यार्थी दाखवण्यासारखे गैरप्रकार होते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालील मुलांना शिकवणीवर्गात दाखल करू नये असे म्हटले आहे, तरीही आठवी-नववीपासूनच ‘फाउंडेशन’ नावाच्या तुकड्यांची विचारणा पालक स्वतः करतात.

शाळेच्या आवारातच बाहेरच्या शिकवणीसंस्थेचे वर्ग चालत असतील, तर ते ऐच्छिक आहेत का, त्यांत न बसणाऱ्या मुलांना त्या वेळात काय मिळते आणि शाळेचेच शिक्षक त्यात शिकवतात का, हे स्पष्ट करून घ्यावे. अकरावीच्या वर्गांत साध्या मंगळवारी किती बाके भरलेली आहेत हे मोजले तर उरलेले उत्तर मिळते. विज्ञान सोडून वाणिज्य किंवा कला शाखेच्या मुलांना शाळा कशी वागवते हेही याच सुमारास पाहावे, कारण अनेक ठिकाणी या शाखा केवळ दहावीला कमी गुण पडलेल्यांसाठी आडोसा म्हणून चालवल्या जातात. गणिताबाबत एक गोष्ट नववीपूर्वीच समजून घ्यावी : सीबीएसई दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन पातळ्यांची गणिताची परीक्षा घेते, आणि बेसिक निवडल्याने अकरावीत गणित घेण्यावर काय परिणाम होतो याची नीट समज देणारा शिक्षक शाळेत आहे की निकाल सुधारावा म्हणून मुलांना सरसकट बेसिककडे वळवले जाते, हा फरक मुलाच्या पुढच्या वाटेवर परिणाम करणारा आहे.

मराठी घरांसमोर भाषेचा वेगळा पेच असतो. केंद्रीय मंडळाच्या विषययादीत मराठी आहे, पण शिक्षक नसेल तर ती यादीतच राहते, आणि भिलाईतल्या शाळांत प्रत्यक्ष निवड बहुधा हिंदी आणि संस्कृत यांच्यात असते. यात हळहळ असली तरी निराश होण्यासारखे काही नाही. शेजारच्या राजनांदगावात १९५८ पासून महाविद्यालयात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले होते आणि हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. शाळेकडून अपेक्षा एवढीच ठेवावी की घरी बोलली जाणारी भाषा, मग ती मराठी असो, तेलुगू असो की छत्तीसगढी, वर्गात निघाली तर तिची टिंगल होणार नाही. छत्तीसगढीत उत्तर देणाऱ्या मुलाला शिक्षक कसे दुरुस्त करतात हे ऐकले की याचा अंदाज येतो.

सुरक्षेच्या बाबतीत संकोच ठेवू नये. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत लागलेल्या आगीत ९४ मुले गेली, आणि त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील अग्निसुरक्षेविषयी निर्देश दिले. वरच्या मजल्यावरून उतरायला दोन जिने आहेत का, मधल्या दाराला कुलूप असते का, अग्निशामक नळकांड्यांवरची भरण्याची तारीख कोणती, हे चालता चालता पाहता येते. मुलींचे स्वच्छतागृह आईने स्वतः आत जाऊन पाहावे, पाणी, कडी आणि कचरापेटी या तीन गोष्टींसाठी, कारण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुली शाळा का चुकवतात याचे उत्तर अनेकदा तिथेच असते. मे-जूनच्या तापत्या दुपारी वरच्या मजल्यावरचा वर्ग कसा राहतो आणि पिण्याचे पाणी किती लांब आहे, हेही भिलाईच्या उन्हात गौण नाही. बस असेल तर तिला वेगनियंत्रक, खिडक्यांना आडवे गज आणि सोबत परिचर असणे, या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांतील किमान गोष्टी आहेत.

शुल्काविषयी थोडक्यात : छत्तीसगढच्या २०२० च्या खासगी शाळा शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेच्या शुल्क समितीत पालकांचे प्रतिनिधी असतात आणि समितीला एका वेळी ८ टक्क्यांपर्यंतच वाढ करता येते. त्या समितीत कोण पालक आहेत हे विचारून त्यांच्याशी बोलणे हा शाळेविषयी जाणून घेण्याचा अत्यंत उपयुक्त मार्ग आहे.

या शहराची म्हणून एक बाब उरते. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, आणि दुपारच्या किंवा रात्रीच्या पाळीवर जाणारे वडील पालकसभेच्या ठरलेल्या वेळी बहुतेकदा कामावर किंवा झोपेत असतात. कंत्राटी कामगाराला तर सुटी घेतली की त्या दिवसाचा पगार जातो. पाळी बदलते तसा भेटीचा दिवस बदलून देणारी शाळा आणि एकच शनिवार ठरवून न आलेल्यांना बेफिकीर समजणारी शाळा, यांत किती अंतर आहे ते कारखान्याच्या गावाला सांगावे लागू नये. रात्रपाळी करून आलेल्या, इंग्रजी न बोलणाऱ्या पित्याला वर्गशिक्षिका बसायला खुर्ची देतात का आणि मुलाची प्रगती त्याच्या भाषेत समजावतात का, हे पाहायचे असेल तर पालकसभेच्या दिवशी, परवानगी घेऊन, व्हरांड्यात थांबावे.

मुलालाही सोबत न्यावे, पण पहिल्या फेरीत नव्हे, दुसऱ्या फेरीत आणि शाळा सुटण्याच्या वेळी. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे तो पाहील : कोण कोणाशी बोलते, मोठी मुले लहानांना ढकलून पुढे जातात की नाही, शिक्षक फाटकापाशी उभे आहेत का, एकटे चालणारे मूल कोणाच्या लक्षात येते का. घरी परतल्यावर त्याने आधी बोलावे आणि आईवडिलांनी नंतर, म्हणजे त्याला काय दिसले ते कळेल.